सोल १९८८: फळीवर आपटलेलं डोकं आणि साडेसहा वर्षांचं मौन

१९ सप्टेंबर १९८८. सोल ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या तीन मीटर स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगची पात्रता फेरी चालू होती. अकरा सुरांपैकी नववा सूर घ्यायला अमेरिकेचा ग्रेग लुगानिस फळीवर आला. गुणतक्त्यात तो वरच होता. अठ्ठावीस वर्षांचा, चार वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला दोन सुवर्णपदकं जिंकलेला हा डायव्हर इथे पदकाशिवाय परत जाईल असं कुणालाही वाटत नव्हतं.

सूर होता रिव्हर्स अडीच कोलांट्यांचा, पाईक स्थितीतला. यात डायव्हर पाण्याकडे तोंड करून उसळी घेतो, पण हवेत फिरतो उलटा, म्हणजे ज्या फळीवरून उडाला तिच्याच दिशेने. गुडघे ताठ आणि अंग कमरेत घडी घातलेलं. सगळी भिस्त पहिल्या उसळीवर असते. ती थोडी पुढे जायला हवी, म्हणजे परत खाली येताना फळी वाटेत येत नाही. लुगानिसची उसळी त्या दिवशी जवळजवळ सरळ वर गेली. कोलांट्या संपवून त्याने पाण्यात शिरण्यासाठी अंग उलगडलं आणि त्याच क्षणी डोकं फळीवर आपटलं. पुढे तो वेडावाकडा पाण्यात पडला. प्रेक्षागृहात आधी किंकाळ्या उठल्या, मग सगळे गप्प झाले.

तो आपणहून पोहत काठाला आला, डोक्यावर हात धरून बाहेर चालत गेला. संघाचे डॉक्टर जेम्स पफर यांनी जखमेवर टाके घातले. डॉक्टरांच्या हातात ग्लोव्ह्ज नव्हते. अर्ध्या-पाऊण तासात लुगानिस परत फळीवर उभा होता. पुढचा सूर पुन्हा रिव्हर्सच, दीड कोलांटी आणि साडेतीन पिळांचा. त्याला ८७.१२ गुण मिळाले, त्या फेरीतले सर्वाधिक. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत त्याने चीनच्या तान लियांगदेला मागे टाकून ७३०.८० गुणांनी सुवर्ण जिंकलं.

इथवरची गोष्ट जगाने टीव्हीवर पाहिली. जे दिसलं नाही ते असं: त्या घटनेच्या सहा महिने आधी, मार्च १९८८ मध्ये, लुगानिसला आपण एचआयव्हीबाधित असल्याचं कळलं होतं. सरावाच्या दिवसांत तो दर चार तासांनी एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी घेत होता. रात्री त्यासाठी गजर लावून उठत होता. त्याचे प्रशिक्षक रॉन ओब्रायन यांना हे ठाऊक होतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

लुगानिसने ही गोष्ट जाहीर केली फेब्रुवारी १९९५ मध्ये. तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: त्याने लपवलं का? डायव्हिंग, पोहणं, जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकांसमोर मी हे प्रकरण मांडतो तेव्हा पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

फळीपर्यंत पोहोचलेला मुलगा

लुगानिसचा जन्म २९ जानेवारी १९६० चा, कॅलिफोर्नियातला. जन्मदाते अगदी कोवळ्या वयाचे, एक सामोअन वंशाचा, दुसरी स्वीडिश. काही महिन्यांचा असताना त्याला लुगानिस कुटुंबाने दत्तक घेतलं. ग्रीक आडनाव तिथून आलं. दीड वर्षाचा असताना बहिणीच्या मागे लागून तो नाचाच्या वर्गात जायला लागला, मग कसरती आणि जिम्नॅस्टिक्स. दम्याचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांनीही हे सगळं चालू ठेवायला सांगितलं. घरी पोहण्याचा तलाव बांधला तेव्हा हा फळीवरून जिम्नॅस्टिक्सच्या उड्या मारायला लागला. आईने घाबरून नवव्या वर्षी डायव्हिंगच्या शिकवणीला घातलं.

शाळेत तो अडखळत बोलायचा. वाचताना अक्षरं उलटसुलट व्हायची. तो डिस्लेक्सिया आहे हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. सावळ्या रंगावरून, नाचण्यावरून मुलं चिडवायची, मारायची. किशोरवयात त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला होता. वर्गात मान खाली घालून बसणारा हा मुलगा फळीवर उभा राहिला की त्याला बोलावं लागत नसे.

नाचाच्या वर्गातली एक सवय त्याने आयुष्यभर जपली. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसायचं, संगीत चालू ठेवायचं आणि सगळं नृत्य मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं. पुढे त्याने सूरही असेच बसवले, प्रत्येक सुराला आपली लय. परीक्षक त्याच्या सुरांना ‘सुंदर’ म्हणत. १९८२ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सातही परीक्षकांकडून दहापैकी दहा गुण मिळवणारा तो पहिला डायव्हर ठरला. त्यामागे ताकद होतीच, पण नर्तकाचा ताल नसता तर ते गुण आले नसते असं माझं ठाम मत आहे. त्याचे चित्रण आजही पाहायला मिळते. हवेत शिखरावर पोहोचल्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, घाई कुठेच नाही.

सोळाव्या वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये त्याने दहा मीटर प्लॅटफॉर्मवर रौप्य मिळवलं. पुढे होता इटलीचा क्लाउस दिबियासी, ज्याचं ते सलग तिसरं सुवर्ण. त्या वेळी लुगानिसचे प्रशिक्षक होते डॉ. सॅमी ली. कोरियन वंशाचे हे अमेरिकन डायव्हर १९४८ आणि १९५२ चे सुवर्णविजेते. त्यांच्या लहानपणी गोऱ्यांच्या तलावात त्यांना रोज प्रवेश नसे, म्हणून ते वाळूच्या खड्ड्यात उड्यांचा सराव करत. गुरू-शिष्य दोघांनाही बाहेरचं म्हणून वागवलं जाणं नवं नव्हतं.

१९८० चं मॉस्को ऑलिम्पिक अमेरिकेच्या बहिष्कारात गेलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्ही जिंकले. पुरुषांत हे ५६ वर्षांनी घडत होतं. प्लॅटफॉर्मवर ७१०.९१ गुण, म्हणजे सातशेचा टप्पा ओलांडणारा पहिलाच. शेवटच्या सुराआधी आपण मनाशी काय म्हणालो हे त्याने नंतर सांगितलं होतं: काहीही झालं तरी आई माझ्यावर प्रेम करणारच आहे.

संघात कुणाला काय ठाऊक होतं

लुगानिस समलिंगी आहे हे डायव्हिंगच्या वर्तुळात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. त्याने ते जवळच्यांपासून लपवलंही नव्हतं. पण परदेशी स्पर्धेला गेलं की त्याच्याबरोबर एका खोलीत राहायला तयार नसणारे सहकारी होते आणि मागून शिव्या घालणारेही. पत्रकारांना संशय होता, छापत कुणी नव्हतं. प्रायोजकांनाही होता, आणि ते दूर राहिले. न्याहारीच्या ‘व्हीटीज’ सीरियलच्या डब्यावर ऑलिम्पिक विजेत्याचा फोटो येणं हा अमेरिकेत मोठा मान. १९८४ ची जिम्नॅस्ट मेरी लू रेटन त्या डब्यावर झळकली. चार ऑलिम्पिक सुवर्णं आणि ४७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या लुगानिसला मात्र त्यासाठी २०१६ पर्यंत थांबावं लागलं, तेही लोकांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर.

त्याचा जोडीदारच त्याचा व्यवस्थापक होता. पैशाचे सगळे व्यवहार त्या माणसाच्या हातात होते. त्याने आपल्यावर हिंसा केली, बलात्कार केला, कमाई स्वतःकडे वळवली, हे लुगानिसने पुढे जाहीरपणे सांगितलं. जगात कुणापुढे बोलायची सोय नसलेल्या माणसाला घरात कुणी मारलं तर तो दाद मागायला जाणार कुठे? पोलिसांकडे गेला तर आधी नातं सांगावं लागणार. प्रशिक्षकांच्या बैठकीत मी या मुद्द्यावर नेहमी जास्त वेळ थांबतो. खेळाडूच्या पैशाचा आणि शरीराचा ताबा एकाच माणसाकडे आहे आणि खेळाडू बाहेर कुणाशी बोलत नाही, अशी परिस्थिती दिसली की प्रशिक्षकाने कान टवकारलेच पाहिजेत. मग तो खेळाडू मुलगा असो की मुलगी.

हा जोडीदार आजारी पडला, त्याला एड्स झाल्याचं निदान झालं. त्यानंतर लुगानिसने तपासणी केली आणि तीही होकारार्थी आली. पहिला विचार त्याने केला तो निवृत्त होऊन घरात कोंडून घेण्याचा. सराव चालू ठेवणं हाच आरोग्यासाठी चांगला मार्ग आहे असं त्याला डॉक्टरांनी पटवलं.

सांगितलं असतं तर

आता १९८८ च्या जगात उभं राहून पाहू.

अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्हीबाधित परदेशी नागरिकांना प्रवेशबंदी केली होती. ती उठली थेट जानेवारी २०१० मध्ये. एवढा बलाढ्य देश असा वागत असताना इतरांकडून काय अपेक्षा करायची? आपली बाधा कळली असती तर दक्षिण कोरियात पाऊलही ठेवता आलं नसतं, असं लुगानिसने नंतर सांगितलं आहे. औषध म्हणावं असं हाताशी एकच होतं, एझेडटी, आणि त्यालाही मंजुरी मिळून जेमतेम वर्ष झालेलं. निदान म्हणजे मृत्यूचा कागद, असाच लोकांचा समज होता. लुगानिसचाही.

आपल्याकडे काय चाललं होतं हेही आठवून पाहावं. गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केलं होतं. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हणजे सोलच्या प्रसंगानंतर पाच महिन्यांनी, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेली. न्यायालयाने कायद्यातली अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने पुढे गोव्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. या घटनेवरून पुढे हिंदीत सिनेमा आला, त्यातला नायक जलतरणपटू आहे. पाण्यात उतरणारा माणूस, आणि त्याला पाहून पाण्याबाहेर पडणारे बाकीचे. लुगानिसला नेमकी हीच भीती होती.

तेव्हा त्याने खरं सांगितलं असतं तर सोलच्या त्या फळीपर्यंत तो पोहोचलाच नसता, असं मानायला भरपूर आधार आहे. काही तरुण प्रशिक्षक इथे म्हणतात, मग नसता पोहोचला, एका पदकापेक्षा इतरांचा जीव मोठा. म्हणून इतरांच्या जिवाला किती धोका होता, याचा हिशेब नीट मांडायला हवा.

तलावातलं रक्त

एचआयव्ही रक्तातून पसरतो, पण त्यासाठी बाधित रक्त दुसऱ्याच्या रक्तप्रवाहात जावं लागतं. ऑलिम्पिकच्या तलावात लाखो लिटर पाणी असतं, त्यात क्लोरीन असतं. जखमेतून पडलेले थेंब त्यात मिसळले की विषाणू इतका विरळ होतो आणि क्लोरीनसमोर इतका कमी टिकतो की दुसऱ्या डायव्हरला लागण होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. १९९५ मध्ये गोष्ट उघड झाल्यावर अमेरिकेतल्या साथरोगतज्ज्ञांनी हेच सांगितलं.

तलावाची बाब इथे संपली. डॉक्टरांची बाब वेगळी आहे. उघड्या हाताने ताज्या जखमेला सुई लावताना सुई बोटात घुसू शकते, हाताला आधीची चीर असू शकते. हा धोका खरा होता. पाण्यात तो रक्तस्राव पाहताना आपण भीतीने गोठून गेलो होतो, कुणाला सांगावं असं वाटत होतं पण तोंडातून शब्द फुटला नाही, असं लुगानिसने पुढे कबूल केलं. पफर यांची चाचणी नंतर नकारार्थी आली. जाहीर करण्याआधी लुगानिसने त्यांना स्वतः सांगितलं आणि माफी मागितली.

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा इथेच आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्ट १९८७ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यातलं तत्त्व साधं: कुणाचंही रक्त असो, ते बाधित असू शकतं असं धरूनच हाताळायचं, म्हणजे दर वेळी ग्लोव्ह्ज घालायचे. समोरचा माणूस कोण, त्याचा रिपोर्ट काय, त्याने सांगितलं की नाही, यावर सुरक्षितता अवलंबून ठेवायची नाही. कारण बहुतेक बाधित लोकांना त्या वेळी स्वतःलाच माहीत नसायचं. ही सूचना निघून तेरा महिने झाले होते. जगातल्या सर्वांत मोठ्या क्रीडास्पर्धेत तलावाकाठी ती पोहोचली नव्हती.

म्हणजे लुगानिस बोलला असता तर एका डॉक्टरचा धोका टळला असता, हे खरं. पण नियम पाळला गेला असता तर त्याच्या बोलण्या-न बोलण्याने काहीच फरक पडला नसता. १९९५ च्या चर्चेत पहिल्या वाक्यावर रकाने भरले गेले. दुसऱ्यावर फार कमी लिहिलं गेलं, कारण त्यात दोष देण्यासाठी समलिंगी माणूस सापडत नव्हता.

सोलचा उत्तरार्ध थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याशिवाय प्रसंग पुरा होत नाही. स्प्रिंगबोर्डच्या विजयानंतर आठवड्याने प्लॅटफॉर्मची अंतिम फेरी. शेवटच्या सुराआधी चीनचा चौदा वर्षांचा श्युंग नी बरोबर तीन गुणांनी पुढे. लुगानिसने राखून ठेवलेला सूर होता रिव्हर्स साडेतीन कोलांट्या, टक, म्हणजे गुडघे छातीशी घेतलेली स्थिती. अवघडपणाचा अंक ३.४. याच सुरात १९८३ मध्ये एडमंटनला सोव्हिएत डायव्हर सर्गेई शालिबाश्विलीचं डोकं प्लॅटफॉर्मवर आपटलं आणि तो वाचला नाही. लुगानिस तेव्हा तिथेच मनोऱ्यावर होता. तो धक्का त्याला पायाखाली जाणवला होता. त्याही आधी, १९७९ ला तिबिलिसीमध्ये, त्याचं स्वतःचं डोकं दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवर आपटून तो बेशुद्ध पडला होता. हे सगळं माहीत असलेला माणूस, डोक्याची जखम अजून ओली असताना, तो सूर घेतो. ८६.७० गुण. श्युंग नीला ८२.५६. एकूण फरक १.१४ चा, सुवर्ण लुगानिसला. लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये दोन्ही प्रकार जिंकणारा तो पहिला पुरुष. प्रशिक्षकांच्या मिठीत तो ढसाढसा रडला. त्या रडण्यात आणखी काय होतं, हे ओब्रायन सोडले तर त्या तलावावर फारसं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी रंगमंचावर

सोलनंतर तो निवृत्त झाला आणि अभिनयाकडे वळला. हे अनेकांना माजी खेळाडूचा विरंगुळा वाटलं. प्रत्यक्षात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतून १९८३ मध्ये त्याने पदवी घेतली होती तीच नाट्य विषयात, जोडीला नृत्य. पदकांच्या काळात ते मागे पडलं होतं इतकंच.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे रंगभूमीवर पॉल रुडनिक यांचं ‘जेफ्री’ हे नाटक चालू होतं. एड्सच्या काळात प्रेम करायला घाबरलेल्या एका समलिंगी तरुणाची ही विनोदी गोष्ट. त्यात डॅरियस नावाचं पात्र आहे, एका गाजलेल्या संगीतिकेत कोरसमध्ये नाचणारा पोरगा. त्याला एड्स आहे, नाटकात तो मरतो आणि मरणानंतर परत येऊन मित्राला सांगतो की राग आजाराचा धर, जगण्याचा धरू नकोस. ही भूमिका लुगानिसला मिळाली.

प्रेक्षागृहात बसलेल्यांना एक ऑलिम्पिक विजेता नटाचं काम करताना दिसत होता. तो समलिंगी असल्याचं त्याने जाहीर केलेलं नव्हतं, एचआयव्हीचं तर नाहीच. आणि तो रोज रात्री त्याच आजाराने मरणाऱ्या, हसऱ्या, नाचऱ्या मुलाच्या तोंडून लोकांना जगायला सांगत होता. वर्गात मान खाली घालणाऱ्या मुलाला फळीने जसं बोलण्यापासून सोडवलं होतं, तसं इथे नाटकाने त्याला दुसऱ्याचे शब्द दिले. आपले शब्द सापडायच्या आधी दुसऱ्याचे शब्द मोठ्याने म्हणून पाहणं, यात भित्रेपणा काही नाही. माझ्या मते पुढे १९९४ आणि १९९५ मध्ये जाहीरपणे बोलण्याचं धैर्य त्याने या प्रयोगांमध्ये कमावलेलं आहे. पुढेही त्याने एड्स आणि समलिंगी आयुष्यावरच्या नाटक-सिनेमांत कामं केली, एकपात्री प्रयोगही केला. मोठा नट म्हणून नाव झालं नाही.

बोलणं

जून १९९४ मध्ये न्यूयॉर्कला चौथे गे गेम्स, म्हणजे समलिंगी खेळाडूंचा क्रीडामहोत्सव, झाले. उद्घाटनाला लुगानिसचा चित्रित संदेश दाखवला गेला. त्यात त्याने आपण समलिंगी आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे असं पहिल्यांदा जगासमोर सांगितलं. मग तिथल्या तलावात प्रात्यक्षिक म्हणून सूरही मारले. त्याच सुमारास जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीने समलिंगी जीवनपद्धतीच्या विरोधात ठराव केला होता आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचे काही व्हॉलीबॉल सामने तिथे ठरले होते. सामने हलवावेत अशी मागणी उठली, लुगानिसही त्या बाजूने जाहीरपणे बोलला आणि सामने दुसरीकडे गेले. स्वतःचं मन मोकळं करणं एक आणि ऑलिम्पिकच्या यजमानांना जाब विचारणं दुसरं. त्याने दुसरंही लगेच केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये आत्मचरित्राच्या प्रकाशनाच्या वेळी टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने आपल्याला एड्स असल्याचं सांगितलं. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने १९९१ मध्ये आणि टेनिसपटू आर्थर ॲशने १९९२ मध्ये आपली बाधा जाहीर केली होती, पण ते दोघेही समलिंगी नव्हते. लुगानिसच्या वाट्याला त्यांच्याइतकी सहानुभूती आली नाही. बहुतेक प्रायोजकांनी पाठ फिरवली, पोहण्याचे कपडे बनवणारी ‘स्पीडो’ तेवढी पुढची अनेक वर्षं सोबत राहिली. दुसरीकडे आत्मचरित्र खपाच्या यादीत पहिलं गेलं. तो महाविद्यालयांमधून फिरला, एचआयव्हीबद्दल, घरातल्या हिंसेबद्दल आणि नैराश्याबद्दल बोलला. मारहाण होत असलेला पुरुष गप्प का राहतो, हे त्याच्यासारख्या पिळदार देहाच्या माणसाने सांगितल्यावर ऐकणाऱ्यांना वेगळं पटत असणार.

१९९६ च्या आसपास एचआयव्हीवर अनेक औषधं एकत्र देण्याचे उपचार आले आणि त्याचे प्राण वाचले. २००८ मध्ये बीजिंगला ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू मिचमने दहा मीटर प्लॅटफॉर्मचं सुवर्ण जिंकलं, शेवटच्या सुराला ११२.१० गुण घेऊन. तो समलिंगी असल्याचं स्पर्धेआधीच सगळ्यांना माहीत होतं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या टॉम डेलीने कारकीर्द ऐन भरात असताना आपण एका पुरुषावर प्रेम करतो हे सांगितलं. याच खेळात, याच मनोऱ्यावर. लुगानिस स्वतः २०१३ मध्ये विवाहबद्ध झाला. पुढे ते लग्न मोडलं.

प्रशिक्षकांशी चर्चेत निघणारे दोन मुद्दे

पहिला ओब्रायन यांचा. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी गुपित ठेवलं. बरोबर केलं का? माझं उत्तर हो. आरोग्याची माहिती खेळाडूची असते, प्रशिक्षकाला ती विश्वासाने मिळते. भारतात तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय कुणाची बाधा उघड करायला मनाई केली आहे. पण गुपित ठेवताना ग्लोव्ह्जशिवाय कुणी जखमेला हात लावणार नाही, एवढी व्यवस्था प्रशिक्षकाला कुणाचंही नाव न घेता करून ठेवता येते. क्लबच्या बॅगेत ग्लोव्ह्जचा डबा असावा, रक्त दिसलं की खेळ थांबावा, जखम झाकावी, मगच पुन्हा खेळ. हा नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाकडे बोट जात नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो या प्रकरणात सहसा निसटतो. लुगानिसने कमावलं ते आधी जोडीदाराच्या हातून गेलं, नंतर चुकीच्या सल्ल्यांत गेलं. जाहिरातींचा मोठा पैसा त्याच्या ओळखीमुळे त्याच्यापर्यंत आलाच नाही. निदानानंतर आपण तिशीच्या पुढे फार जगणार नाही असंच तो धरून चालला होता, त्यामुळे म्हातारपणाची तजवीज करायचा विचार कुणी करणार कसा? पुढे मालिबूचं घर कर्जात सापडलं. २०२५ मध्ये त्याने आपली तीन ऑलिम्पिक पदकं लिलावात काढली, माँट्रियलचं रौप्य आणि सोलची दोन्ही सुवर्णं. त्यांचे मिळून चार लाख डॉलरच्या वर आले. पैशाची गरज होती आणि व्यवहार सांभाळणारं चांगलं कुणी असतं तर ही वेळ आली नसती, असं त्याने स्वतः स्पष्ट लिहिलं. त्यानंतर कॅलिफोर्नियातलं घर विकून, सामानातलं बरंचसं वाटून टाकून, पासष्टाव्या वर्षी तो पनामाला राहायला गेला.